रायफल महाग, गोळी जड

फेब्रुवारी 2019मध्ये भारताने अमेरिकेकडून 72,400 सिग 716 रायफली घेण्याचा करार केला. खर्च सुमारे 700 कोटी. म्हणजे नगाला लाखाच्या आतबाहेर!

एवढे मोजून लष्कराला मिळाले काय? लष्कराच्या आधीच्या 5.56 मिलिमीटरच्या इन्सास रायफलीची गोळी जेमतेम 4 ग्रॅमची, सिगची 7.62ची सुमारे साडेनऊ. नळीतून सुटताना तिची ऊर्जा जवळपास दुप्पट, त्यामुळे लांबवरही मार टिकतो. समोरच्या डोंगरउतारावर नेम धरायचा असेल तर पैसे वसूल.

पण तीच गोळी खांद्याला दणकाही देते. शिवाय शंभर काडतुसे म्हणजे जवळजवळ अडीच किलो. इन्सासची त्याच्या निम्मी. चढावर पाठीला हा फरक लगेच कळतो.

आणि अंधारात? ऑक्टोबर 2025मध्ये याच रायफलींवर बसवायच्या रात्रदुर्बिणींसाठी 659 कोटींचा वेगळा करार झाला.