घरातील धूळ, दमा आणि बॅटरीवरचा व्हॅक्यूम क्लीनर

नवरात्र जवळ आले की घरोघर साफसफाई सुरू होते. माळे रिकामे होतात, गाद्या गच्चीवर जातात, जळमटे निघतात. नेमक्या त्याच दिवसांत दवाखान्यात शिंका, वाहते नाक, कोरडा खोकला आणि धाप यांचे रुग्ण वाढतात. या दोन गोष्टींचा संबंध आता लोकांच्याही ध्यानात आला आहे. त्यामुळे हल्ली एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "डॉक्टर, तो बॅटरीवर चालणारा, काठीसारखा उभा व्हॅक्यूम क्लीनर घेतला तर मुलाचा दमा कमी होईल का? आणि घ्यायचाच तर कोणता घ्यावा?"

ही यंत्रे पाच-सात हजारांपासून पन्नास हजारांच्या पुढेही मिळतात. मध्यमवर्गीय घरात हा खर्च थोडा नव्हे. तेव्हा या प्रश्नाचा वैद्यकीय आणि व्यावहारिक अशा दोन्ही अंगांनी विचार करू.

दमेकऱ्याने बनवलेले यंत्र

व्हॅक्यूम क्लीनर आणि दमा यांचे नाते जुने आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातील कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर नावाचा एक सफाई कामगार होता. त्याला दमा होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने तो बळावत असे. १९०७ साली त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांची जुळणी करून धूळ ओढणारे यंत्र तयार केले. १९०८ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले. पुढे ते हक्क हूवर नावाच्या चामड्याच्या व्यापाऱ्याने घेतले आणि हे यंत्र जगभर पोहोचले.

आपल्याकडे १९८२ पासून यूरेका फोर्ब्ज कंपनीचे विक्रेते दारोदार जाऊन व्हॅक्यूम क्लीनर विकू लागले. पुष्कळ घरांत ते यंत्र हौसेने आले आणि थोड्याच दिवसांत माळ्यावर गेले. कारण सोपे होते. ते काढा, नळ्या जोडा, वायर ओढा, पुन्हा सगळे आवरून ठेवा, हे रोज कोण करणार? बॅटरीवरच्या यंत्राने ही अडचण दूर केली आहे. ते भिंतीला टांगलेले असते, हातात घेतले की सुरू. रोज वापरले जाते ते यंत्र खरे, या दृष्टीने ही सुधारणा मोठी आहे.

धुळीत असते तरी काय?

घरातील धूळ म्हणजे केवळ रस्त्यावरची माती नव्हे. तीत कपड्यांचे तंतू, केस, बुरशीचे कण, झुरळांचे अवशेष आणि आपल्या अंगावरून झडणारे कातडीचे सूक्ष्म पापुद्रे असतात. या पापुद्र्यांवर जगणारे धुळीतील किडे, इंग्रजीत ज्यांना डस्ट माइट म्हणतात, ते गादी, उशी, दुलई आणि सोफ्यात वस्ती करतात. त्यांची लांबी मिलिमीटरच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढी असते, म्हणून ते सहसा डोळ्यांना दिसत नाहीत. ते चावत नाहीत. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेच्या कणांतील प्रथिनांचा. ज्यांना या प्रथिनांचे वावडे असते, त्यांना शिंका येतात, डोळे खाजतात, श्वासनलिका आकसतात.

या किड्यांना ऊब आणि ओल लागते. हवेतील आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर ते सुकून मरतात. म्हणून कोकणात त्यांना वर्षभर पोषक हवा मिळते, तर देशावर पावसाळ्यात त्यांचे फावते. किडे मेले तरी विष्ठेचे कण मात्र गादीत राहतात.

झाडू की यंत्र?

कोरडा झाडू धूळ गोळा करतो त्याबरोबर उडवतोही. जड कचरा सुपलीत येतो आणि बारीक धूळ हवेत जाते. मात्र आपल्या घरांत फरशी असते, पाश्चात्त्य घरांसारखा भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा नसतो. गुळगुळीत फरशीवर ओले फडके फिरवले तर धूळ उडत नाही आणि निघते. म्हणजे केवळ फरशीसाठी दम्याच्या रुग्णाला महागड्या यंत्राची गरज नाही.

यंत्राचा खरा उपयोग ओले फडके जिथे चालत नाही तिथे आहे: गादी, सोफा, जाड पडदे, सतरंजी, पलंगाखालचा कोपरा, पुस्तकांचे कपाट, खिडकीची जाळी. तिथेही मर्यादा आहे. यंत्र वरवरचे कण ओढून घेते, पण गादीच्या तंतूंना घट्ट धरून बसलेले जिवंत किडे त्याने सगळे निघत नाहीत.

आणखी एक फायदा सांगायला हवा. कंबर वाकवून झाडताना ज्यांची पाठ भरून येते, गुडघ्यांमुळे ज्यांना पलंगाखाली वाकता येत नाही, अशा भगिनींना उभ्याने वापरता येणारे यंत्र खरोखर आराम देते. माझ्या मते दम्यापेक्षा या कारणासाठी ते घेणे अधिक योग्य ठरेल.

यंत्र म्हणजे औषध नव्हे

हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. किडे कमी करण्याच्या उपायांवरील ५४ चाचण्या, ज्यांत सुमारे तीन हजार रुग्ण होते, त्यांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात व्हॅक्यूम क्लीनर, गादीच्या खोळी, रासायनिक फवारे अशा उपायांनी दम्यात ठोस सुधारणा झाल्याचे आढळले नाही. पुढे २०१७ साली इंग्लंडमधील किड्यांचे वावडे असलेल्या २८४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गादी-उशीला किडे व त्यांचे कण आरपार न जाणाऱ्या खोळी घातलेल्या मुलांपैकी वर्षभरात सुमारे २९ टक्के मुलांना दम्याच्या तीव्र झटक्यामुळे रुग्णालय गाठावे लागले, तर साध्या खोळी असलेल्यांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. स्टेरॉइडचा तोंडावाटे कोर्स लागण्याच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही. म्हणजे बिछान्याची काळजी काही मुलांना उपयोगी पडते, पण तीही उपचारांच्या जोडीने.

एका शिक्षक दांपत्याने आठ वर्षांच्या मुलासाठी असे यंत्र घेतले आणि "आता घरात धूळच नाही" म्हणून रोजचा पंप बंद केला. तीन आठवड्यांनी मुलाला रात्री धाप लागली आणि नेब्युलायझर द्यावा लागला. यंत्र चांगलेच होते. पण श्वासनलिकेच्या आतली सूज यंत्राने ओढली जात नाही. ती रोजच्या पंपातील औषधानेच आटोक्यात राहते. "पंपाची सवय लागते" हा गैरसमज आहे. पंप कधी कमी करायचा, कधी थांबवायचा, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

निवड करताना

एवढे समजून घेऊन यंत्र घ्यायचे ठरवले तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली, गाळणी. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या घरात यंत्र किती जोरात ओढते यापेक्षा ओढलेली धूळ मागून परत सोडते का, हे जास्त महत्त्वाचे. खऱ्या 'हेपा' गाळणीने ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडायला हवेत. युरोपीय वर्गवारीत एच-१३ दर्जाची गाळणी किमान ९९.९५ टक्के अत्यंत सूक्ष्म कण अडवते. खोक्यावर 'हेपासारखी' असे मोघम लिहिले असेल तर ती खात्री नव्हे. शिवाय गाळणी उत्तम आणि सांधे ढिले असतील तर धूळ सांध्यांतून बाहेर येते. डब्याच्या झाकणाला रबराची कडी आहे का, सांधे घट्ट बसतात का, हे हाताळून पाहावे.

दुसरी, बॅटरी. '४० मिनिटे' किंवा '६० मिनिटे' हा आकडा बहुधा सर्वांत कमी जोरावरचा असतो. पूर्ण जोरावर तीच बॅटरी अनेक यंत्रांत आठ-दहा मिनिटांत संपते. मधल्या जोरावर, मोटरचा ब्रश लावून, किती वेळ चालते हे विचारावे. दोन गाद्या व एक सोफा यांना वीस मिनिटे तरी लागतात. लिथियम बॅटरी काही वर्षांत क्षीण होते, म्हणून ती काढून बदलता येणारी असावी आणि नव्या बॅटरीची किंमत आधीच विचारून घ्यावी.

तिसरी, वजन. ही यंत्रे साधारण दीड ते तीन किलोची असतात आणि बऱ्याच यंत्रांत मोटर, बॅटरी व डबा मुठीजवळ असल्याने भार मनगटावर येतो. घरात जी व्यक्ती ते वापरणार आहे तिने स्वतः दुकानात पाच मिनिटे चालवून पाहावे, पडद्यापर्यंत वर उचलून पाहावे. खांदा आखडलेला असेल, अंगठ्याचे सांधे दुखत असतील तर खटका सतत दाबून धरावा लागणारे यंत्र घेऊ नये. एकदा दाबले की चालू राहणारे बटण बरे.

चौथी, ब्रश. फरशीसाठी मऊ रोलर हवा. ताठ केसांचा ब्रश गुळगुळीत फरशीवर तांदळाचे दाणे, खडे पुढे उडवतो. गादीसाठी मोटर असलेला छोटा ब्रश सोबत मिळतो का, हे जरूर पाहावे. दमेकऱ्याच्या घरात त्याचेच काम जास्त. रोलर काढून त्यात गुंतलेले केस सहज सोडवता आले पाहिजेत.

पाचवी, आकड्यांचा गोंधळ. कोणी वॅट सांगतो, कोणी किलोपास्कल. मोटरचे वॅट म्हणजे ती किती वीज घेते, किती धूळ ओढते हे नव्हे. निरनिराळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यापेक्षा आपल्या घरातील सतरंजी दुकानात नेऊन तिच्यावर चालवून पाहावे.

सहावी, दुरुस्ती. जिल्ह्याच्या ठिकाणी सेवा केंद्र आहे का? गाळणी, बॅटरी, रोलर सुटे मिळतात का? नसतील तर यंत्र कितीही चांगले असले तरी दोन वर्षांत माळ्यावर जाईल.

वापरताना

• दम्याच्या रुग्णाने स्वतः यंत्र फिरवू नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि रुग्णाने त्यानंतर अर्धा तास तरी त्या खोलीत येऊ नये. स्वतःच करणे भाग असेल तर नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क लावावा.

• डबा घराबाहेर, वाऱ्याची दिशा पाहून, ॲलर्जी नसलेल्या व्यक्तीने रिकामा करावा. धूळ पिशवीत बांधून टाकावी.

• धुता येणारी गाळणी पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये, त्यासाठी चोवीस तास द्यावेत. ओलसर गाळणीवर बुरशी धरते आणि तीच हवा घरात फिरते.

• चुलीची राख, रांगोळी, सिमेंट, भिंत घासल्याची भुकटी ओढू नये. गाळणी तुंबते. निखारा असलेली राख तर आगीला निमंत्रण. साध्या यंत्राने पाणी कधीही ओढू नये.

• उंदरांच्या लेंड्या यंत्राने ओढू नयेत. हातमोजे घालून, जंतुनाशकाने भिजवून पुसून घ्याव्यात.

• यंत्र उन्हात किंवा गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नये. खराब झालेली बॅटरी घंटागाडीत न टाकता विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा संकलन केंद्रावर द्यावी.

खर्चाचा क्रम

पैसे मोजकेच असतील, आणि बहुतेकांचे असतात, तर क्रम असा ठेवावा. प्रथम डॉक्टरांनी सांगितलेला पंप, नियमित आणि योग्य पद्धतीने. त्यानंतर घरातील धूर बंद करणे. विडी-सिगारेट, उदबत्ती आणि डासांची कॉइल यांचा धूर दमेकऱ्याला बाधतो. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. तेव्हा कॉइलऐवजी मच्छरदाणी लावावी आणि तीही नियमित धुवावी. तिसरे, बिछाना. चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंश तापमानाच्या, म्हणजे हात बुडवता येणार नाही इतक्या गरम पाण्यात धुवावेत. गोधड्या कडक उन्हात उलटसुलट तापवाव्यात. जमल्यास गादी-उशीला घट्ट विणीच्या, चेनच्या खोळी घालाव्यात. चौथे, कोरड्या झाडूऐवजी ओले फडके.

हे सर्व करून पैसे उरले, किंवा घरातील गृहिणीची पाठ वाकून झाडू देत नसेल, तर बॅटरीवरचा व्हॅक्यूम क्लीनर जरूर घ्यावा. तो कामाचा आहे. मात्र तो आणला त्या दिवशीही मुलाचा पंप ठरल्या वेळी द्यायचा आहे, हे विसरू नये.