आईबापांचा कर्करोग आणि घरातील मुले

घरातील कर्त्या मनुष्यास कर्करोग जडला म्हणजे उपचार एकाच देहावर होतात. आघात मात्र साऱ्या कुटुंबावर होतो. वडील मंडळी हलक्या आवाजात बोलू लागतात व मूल जवळ येताच गप्प होतात. यामागील हेतू मायेचाच असतो. तथापि मूल आपल्या परीने अर्थ लावीत राहते : माझ्या हट्टामुळे का आई आजारी पडली? तिच्या ताटात जेवलो तर मलाही हा रोग होईल का?

शास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. कर्करोग म्हणजे पेशींची अनिर्बंध वाढ. तो स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. मुलाच्या हट्टाने तर नाहीच. परंतु हे उत्तर कोणी व कोणत्या शब्दांत द्यावे, हे ज्या त्या समाजाच्या रीतीवर अवलंबून असते.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे उदाहरण बोधप्रद आहे. टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत उपदंशाने पीडित कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचार न करता त्यांच्या रोगाची केवळ पाहणी करण्यात आली. अशा अनुभवांनंतर नुसत्या माहितीपत्रकाने विश्वास कसा बसावा? १९९० मध्ये डॉ. हॅरल्ड फ्रीमन यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात निराळी योजना आरंभिली. रुग्णास तपासणीपासून उपचारापर्यंत सोबत करणारा मार्गदर्शक त्यांनी नेमला. विश्वास प्रथम माणसावर बसतो, औषधावर नंतर.

हेच तत्त्व रायपूरच्या भनपुरीसारख्या औद्योगिक वस्तीतही लागू पडते. तेथील एखाद्या मराठी घरात आजी मराठी बोलते, मुले गल्लीत छत्तीसगढी बोलतात आणि डॉक्टर हिंदीत समजावितात. अशा वेळी आईच्या आजाराची गोष्ट मुलास घरच्याच भाषेत, आजी, आत्या किंवा मामा यांच्यापैकी त्याच्या विश्वासातील माणसाने सांगावी; शक्य असल्यास स्वतः आईनेच सांगावी. वडिलांस गुडाखू घासण्याची सवय असेल, तर तंबाखूचा धोका अवश्य सांगावा; मात्र रोग म्हणजे पापाचे फळ, असे मुलाच्या मनात भरवू नये.

साहाय्य करणाऱ्याने आधी विचारावे, "तुमच्या घरी असे बोलणे कोण करते?" मग मुलास तीन गोष्टी निश्चित कळाव्यात : यात तुझा दोष नाही, आईला बिलगल्याने तुला हा रोग होणार नाही, आणि ती रुग्णालयात असेल तेव्हा तुला जेवू कोण घालील व शाळेत कोण पोहोचवील. मुलाच्या मनातील भयाचा मोठा भाग या तिसऱ्या उत्तरानेच निवतो.