चांद्रमोहिमेच्या आखणीतील अनिश्चितता आणि तारतम्य

अंतराळमोहिमेतील सर्वांत मोठे निर्णय सर्वांत कमी माहितीवर घ्यावे लागतात. यान किती वजनाचे, अग्निबाण किती शक्तीचा, मार्ग कोणता, हे ठरल्यावाचून कामास हात घालता येत नाही. आणि ते अचूक ठरविण्यास लागणारी माहिती काम बरेच पुढे गेल्यावाचून हाती येत नाही. या पेचाचा विचार करण्यास अपोलो मोहिमेची मार्गनिवड विशेष उपयुक्त आहे.

२५ मे १९६१ रोजी अध्यक्ष केनेडी यांनी दशक संपण्यापूर्वी मनुष्य चंद्रावर उतरवून सुखरूप परत आणण्याचा संकल्प मांडला. ‘नासा’पुढे तेव्हा मुख्यतः तीन मार्ग होते. ‘नोव्हा’ या नियोजित प्रचंड अग्निबाणाने सबंध यान थेट चंद्रावर उतरविणे, हा पहिला. यानाचे भाग पृथ्वीभोवतीच्या कक्षेत नेऊन तेथे जोडणे, हा दुसरा. मुख्य यान चंद्राभोवती फिरत ठेवून एक लहान यान तेवढे खाली धाडणे व ते वर आल्यावर दोहोंची पुन्हा जोडणी करणे, हा तिसरा. लँग्ली केंद्रातील जॉन हूबोल्ट यांनी या तिसऱ्या मार्गाचा हिरिरीने पुरस्कार केला. नोव्हेंबर १९६१ मध्ये त्यांनी अधिकाऱ्यांची उतरंड ओलांडून रॉबर्ट सीमन्स यांना थेट पत्र लिहिले.

त्यांच्या आग्रहामागील गणित सोपे आहे. चंद्राच्या कक्षेतून खाली उतरण्यास सेकंदाला सुमारे २ किलोमीटर आणि पुन्हा वर चढण्यास सुमारे १.८ किलोमीटर इतका वेगबदल लागतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंचा वेग सेकंदाला ३ किलोमीटर धरला, तर खाली नेऊन परत आणलेल्या प्रत्येक किलोग्रॅमामागे सुमारे अडीच किलोग्रॅम इंधन खर्ची पडते. टाक्यांचे वजन निराळेच. पृथ्वीच्या वातावरणात शिरताना लागणारे उष्णतारोधक कवच चंद्रावर उतरवून आणण्यात मग कोणता लाभ?

तथापि आक्षेपही तितकाच सबळ होता. दोन यानांची अंतराळातील जोडणी तोवर कोणीच केलेली नव्हती. पृथ्वीजवळ ती फसली तर अंतराळवीर घरी परतू शकतात. पावणेचार लाख किलोमीटरांवर फसली तर त्यांस कोणी वाचवू शकत नाही. वरवर पाहता तिसरा मार्ग सर्वांत धोक्याचा ठरतो.

येथे धोक्याची तीव्रता आणि त्याविषयीचे अज्ञान यांत भेद करावयास हवा. जोडणीविषयीचे अज्ञान पृथ्वीच्या कक्षेत, तालमी करून, वेळेआधी दूर करता येण्याजोगे होते. जेमिनी योजनेचा एक प्रमुख हेतू तोच होता. नोव्हा मुदतीत सिद्ध होईल की नाही, हे मात्र वर्षे आणि पैसा खर्चून झाल्यावरच कळले असते. पृथ्वीकक्षेतील जोडणीकडे कल असलेल्या मार्शल केंद्राचे प्रमुख व्हेर्नर फॉन ब्राउन यांनी ७ जून १९६२ रोजी तिसऱ्या मार्गास अनुकूल मत दिले. ११ जुलैला निर्णय जाहीर झाला. अध्यक्षांचे विज्ञान-सल्लागार जेरोम वीझनर यांचा विरोध त्यानंतरही चालूच होता, आणि तो अनाठायी होता असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. जेमिनी ६ व ७ ही याने डिसेंबर १९६५ मध्ये परस्परांच्या निकट आली. मार्च १९६६ मध्ये जेमिनी ८ ची प्रत्यक्ष जोडणी झाली.

सर्वच अज्ञान असे तालमीने सरत नाही. आराखड्यातील वजन पुढे वाढते, हा अनुभव जुनाच. किती वाढेल एवढेच ठाऊक नसते. त्यावर उपाय शिलकीचा. सॅटर्न अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यात चारांऐवजी पाच इंजिने बसविण्याचे ठरले, ते पुढे फार कामी आले. तरीही १९६५ मध्ये ग्रमन कंपनीस चांद्रयानाचे वजन उतरविण्याची स्वतंत्र मोहीम काढावी लागली.

चंद्राच्या भूमीविषयी तर तर्कच चालू होते. टॉमस गोल्ड यांच्या मते तेथे धुळीचे जाड थर असण्याचा संभव होता. पाच पायांनी स्थैर्य अधिक, चारांनी वजन कमी. अखेर चार पाय व त्यांखाली रुंद तबकड्या, असा मेळ घालण्यात आला. २ जून १९६६ रोजी सर्व्हेयर १ चंद्रावर उतरले व भूमी भार पेलते असे दिसले, तेव्हा हे पाय केव्हाच ठरून गेले होते.