‘काय केलंस?’ या प्रश्नाच्या आधी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी मुलुंडला राहते आणि उपनगरांतल्या मुलांसाठी समुपदेशनाचं काम करते. आज ज्या मुलांविषयी बोलणार आहे, त्यांना आपण सर्रास ‘रिमांड होमची पोरं’ म्हणतो. कायदा त्यांना ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. शब्द अवघड आहे खरा, पण त्यात गुन्हेगार हा शिक्का नाही.

ही सगळी मुलं निरीक्षणगृहात असतात असा आपला समज असतो. प्रत्यक्षात अठरा वर्षांखालच्या मुलाला जामीन देणं हा नियम आहे आणि नाकारणं हा अपवाद. म्हणजे त्यातली बरीच मुलं आपल्याच वस्तीत परत येतात.

असाच एक पंधरा वर्षांचा मुलगा, घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतला. नाव सांगणार नाही. अशा मुलाची ओळख जाहीर करायला कायद्यानेच मनाई आहे. स्टेशनच्या गर्दीत मोबाइल चोरताना तो पकडला गेला होता. जामिनावर सुटल्यावर आई त्याला माझ्याकडे घेऊन आली. बाहेर गोंगाट होता, म्हणून मी दार लावून कडी घातली आणि विचारलं, “मोबाइल का चोरलास?” तो ताडकन उठला आणि भिंतीला पाठ लावून, मुठी आवळून उभा राहिला. आई म्हणाली, “मॅडम, घरीपण असाच अंगावर येतो.” मलाही तो उर्मटच वाटला. काही आठवड्यांनी कळलं, की वडील मारायच्या आधी आतून कडी लावायचे. चूक माझी होती.

दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, असं आपण म्हणतो. सतत मार, उपासमार किंवा अत्याचार सोसलेल्या मुलाचं शरीर नेमकं हेच करतं. मेंदूतली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा कायम जागी राहते. कडीचा आवाज, चढलेला स्वर, मागून खांद्यावर पडलेला हात, एवढ्यानंही छाती धडधडते आणि विचार करण्याआधीच हात उठतो किंवा पाय पळतात. काही मुलं उलट दगडासारखी गप्प होतात. आपण एकाला गुंड म्हणतो, दुसऱ्याला निर्ढावलेला.

मानसिक आघात ध्यानात घेऊन केलेला उपचार इथून सुरू होतो. आधी सुरक्षितता. दार उघडं ठेवायचं, कुठे बसायचं ते मुलानं ठरवायचं, पुढे काय होणार ते आधी सांगायचं, दिलेली वेळ पाळायची. मग श्वास सावकाश करणं, राग आणि भीती यांतला फरक ओळखणं. झालेली हकीगत त्यानंतर, त्याच्या गतीनं. पोलिसांना, वकिलांना सांगितलेलं पुन्हा पुन्हा उकरून काढलं तर जखम भरत नाही. आईवडिलांपैकी किमान एकाला तरी या कामात सोबत घ्यावंच लागतं.

“म्हणजे चोरी माफ?” असं मला नेहमी विचारलं जातं. मुळीच नाही. आघात सोसलेली बहुतेक मुलं गुन्हा करत नाहीत, आणि ज्याचा मोबाइल गेला त्याचं नुकसानही खरंच आहे. पण घाबरलेल्या मुलाकडून कबुली मिळते, पश्चात्ताप मिळत नाही. आपण काय केलं हे समजायला मन थोडं शांत असावं लागतं.

हा विचार मुंबईला नवा नाही. मुंबई प्रांतात मुलांसाठीचा कायदा १९२४ साली झाला. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटांच्या नावानं समाजकार्याचं विद्यालय निघालं आणि पुढच्याच वर्षी त्याचं बालमार्गदर्शन केंद्र सुरू झालं. सध्याचा बालन्याय कायदा २०१५ चा. बालन्याय मंडळात एका दंडाधिकाऱ्याबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यांतली किमान एक स्त्री. मुलाच्या घरची, शाळेची परिस्थिती सांगणारा अहवाल परिविक्षा अधिकारी देतात. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याच्या मानसिक क्षमतेची आधी तपासणी होते. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

तो मुलगा दर शनिवारी येऊ लागला. मधे तीन आठवडे आलाच नाही. वाटलं, गेला हातातून. मग एकटाच आला. चौथ्या महिन्यात म्हणाला, “तो मोबाइल ज्या माणसाचा होता, तो कामाला जात होता ना?” हा प्रश्न मी त्याला कधी विचारला नव्हता.

आपल्या वस्तीत असा मुलगा परत आला, तर त्याचा फोटो फिरवू नका, त्याला रात्रशाळेत किंवा मैदानावर जागा द्या. ‘काय केलंस?’ हे मंडळ विचारणारच आहे. ‘तुझ्यावर काय गुजरलं?’ हे आपल्यापैकी कोणीतरी विचारायला हवं.