परतीच्या सामानातली गुणपत्रिका

जर्मनीतल्या कुठल्याही विद्यापीठाच्या गावात फेब्रुवारीच्या मध्याला किंवा जुलैच्या अखेरीला वसतिगृहांच्या दारांशी पुठ्ठ्याची खोकी दिसू लागतात. आत एखादी कढई, उशी, टेबलावरचा दिवा, अर्धी उरलेली मसाल्याची बाटली. वर चिठ्ठी, ‘फुकट न्या’. विनिमय कार्यक्रमातून एका सत्रापुरत्या आलेल्या विद्यार्थ्यांचे शेवटचे पंधरा दिवस अशा आवराआवरीतच जातात. खोली दाखवून अनामत सोडवायची, ग्रंथालयाची पुस्तके परत करायची, नगरपालिकेच्या दप्तरातून नाव कमी करून घ्यायचे, आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयातून एका कागदावर सही-शिक्का आणायचा. त्या कागदावर महत्त्वाच्या गोष्टी दोनच: आल्याची तारीख आणि निघण्याची तारीख. शिष्यवृत्तीचा हिशेब त्यावर चालतो, म्हणून पासपोर्टाच्या खालोखाल जपला जातो तो हाच.

हा कागद एवढेच सांगतो, की विद्यार्थी इथे होता. तो काय शिकला हे सांगणारा कागद वेगळा. तो बहुधा विद्यार्थी घरी पोहोचल्यानंतर काही आठवड्यांनी मागाहून येतो. युरोपातल्या सगळ्या विनिमय व्यवस्थेचा जन्म या दुसऱ्या कागदावरच्या भांडणातून झाला, हे सहसा सांगितले जात नाही. जाण्याची सोय करण्यापेक्षा परतणाऱ्याची सोय करणे ही तिची मूळ प्रेरणा होती.

सोफिया कोराडी ही रोमच्या सापिएन्झा विद्यापीठात कायदा शिकणारी विद्यार्थिनी. जन्म १९३४चा. फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळवून ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली आणि तौलनिक कायद्याची पदव्युत्तर पदवी घेऊन १९५८ साली परतली. रोममध्ये तिने ती पदवी मान्यतेसाठी पुढे केली, तेव्हा ती मोजलीच गेली नाही. वर इतर विद्यार्थ्यांच्या देखत बोलणी खावी लागली: अमेरिकेत मजा मारून आलात, आता परीक्षा द्या. एका नामांकित विद्यापीठात केलेले वर्षभराचे काम रोमच्या दप्तरी शून्य ठरले.

हा अपमान ती विसरली नाही. पुढे इटलीतल्या कुलगुरूंच्या परिषदेची सल्लागार म्हणून काम करताना तिने १९६९ साली एक टिपण तयार केले: विद्यार्थ्याने अभ्यासाचा काही भाग परदेशी करावा, आणि मायदेशी विद्यापीठाने तो आपलाच समजून मोजावा. १९७६ साली युरोपीय समुदायाने संयुक्त अभ्यासक्रमांचा छोटा प्रयोग सुरू केला. १५ जून १९८७ रोजी इरॅस्मस कार्यक्रमाला मंजुरी मिळाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. आज त्याच्या साऱ्या शाखा मिळून हा आकडा दीड कोटीच्या पुढे आहे. कोराडीबाईंना इटलीत ‘मम्मा इरॅस्मस’ म्हणू लागले. अशी टोपणनावे मला थोडी गुळचट वाटतात. बाईंचे काम आईच्या मायेपेक्षा वकिलाच्या चिकाटीचे होते.

पण मान्यता द्यायची ती कशाच्या आधारावर? रोममधला एक विषय आणि पॅरिसमधला एक विषय सारख्याच वजनाचे, हे ठरवायचे कुणी? यासाठी १९८९पासून प्रयोग म्हणून श्रेयांकांची पद्धत आली. विद्यार्थी त्यांना सरळ क्रेडिट म्हणतात. पूर्ण वर्षाच्या अभ्यासाचे ६० श्रेयांक, सत्राचे ३०. एक श्रेयांक म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचे काम, त्यात वर्गातले तास आले तसे घरी बसून केलेले वाचनही आले. प्राध्यापकाने किती शिकवले याऐवजी विद्यार्थ्याने किती वेळ घातला हे माप धरले, हा त्यातला खरा बदल. १९९९ साली २९ देशांनी बोलोन्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि अशा श्रेयांकांची पद्धत उभी करणे हे सर्वांचे उद्दिष्ट ठरले. शिवाय निघण्यापूर्वीच एक करार होतो: विद्यार्थी, धाडणारे विद्यापीठ आणि बोलावणारे विद्यापीठ अशा तिघांच्या सह्यांचा. तिथे हे विषय घेईन, परत आल्यावर त्यांच्या जागी इथले हे विषय सुटतील, असे त्यात लिहिलेले असते. कोराडीबाईंच्या हातात १९५८ साली नव्हता तो हाच कागद.

वजनाचा प्रश्न असा बऱ्यापैकी सुटला. गुणांचा मात्र अजून छळतो. जर्मनीत १ हा उत्तम गुण, ४ म्हणजे काठावर पास. इटलीत ३०पैकी १८ला पास. फ्रान्समध्ये २०पैकी १०ला पास, पण वरचे गुण इतक्या कंजूषपणे देतात की १४ मिळाले तर शेरा ‘चांगला’ असा असतो आणि २० क्वचितच कुणी पाहिलेले असतात. जर्मनीत परतलेल्याचे गुण बदलायला बव्हेरियन नावाचे एक सूत्र बरेच वापरतात: कमाल गुणांपासून विद्यार्थी किती खाली राहिला ते पाहायचे, त्याला कमाल आणि पास यांमधल्या अंतराने भागायचे, तिनाने गुणायचे, एक मिळवायचा. इटलीत ३०पैकी २७ मिळवलेल्याला यात १.७५ येतात, म्हणजे जर्मन भाषेत ‘चांगला’. फ्रान्समध्ये २०पैकी १४ मिळवलेल्याला येतात २.८, म्हणजे नुसता ‘समाधानकारक’. सूत्रात चूक काही नाही. पण पॅरिसहून कौतुक घेऊन निघालेली मुलगी म्युनिकला पोहोचेपर्यंत मध्यम ठरलेली असते.

यावर उपाय म्हणून आधी पास झालेल्यांची क्रमाने १०, २५, ३०, २५, १० टक्क्यांत विभागणी करून अक्षरे देऊन पाहिली. ती पद्धत २००९मध्ये मागे पडली. आता विद्यापीठांना सांगितले जाते, की आपल्याकडे कुठला गुण किती टक्के मुलांना मिळतो याचा तक्ता गुणपत्रिकेबरोबर जोडा. सुचवणे शहाणपणाचे आहे, पण प्रत्येक विभाग तक्ता बनवण्याइतका उत्साही नसतो.

आपल्याकडेही हा हिशेब आता दारात आला आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने परदेशी विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक पदवीसाठी धरण्याची मुभा दिली, २०२१मध्ये श्रेयांकांच्या बँकेचे नियम झाले. आपला राष्ट्रीय श्रेयांक आराखडा वर्षाला १,२०० तास आणि ४० श्रेयांक धरतो. म्हणजे सत्राचे २०. युरोपचे ३० आणि आपले २०, दोन्ही एकेका सत्राचेच काम. पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्याने निघण्याआधी आपल्या विभागाकडून एवढे लेखी घ्यावे, की बदली कुठल्या दराने होणार. परत आल्यावर विचारायला गेले, तर त्या खिडकीशी कोराडीबाईंचे १९५८ साल उभे असण्याची शक्यता आहे.

श्रेयांक जमा झाले तरी परतणे पुरे होत नाही, हेही अभ्यासकांनी फार पूर्वी पाहिले. आल्फ्रेड शुट्झ हा व्हिएन्नाचा समाजचिंतक १९३९मध्ये न्यूयॉर्कला गेला. दिवसा बँकेत काम आणि उरल्या वेळात लेखन, असा त्याचा क्रम. युद्धावरून परतणारे सैनिक डोळ्यांपुढे ठेवून १९४५ साली त्याने घरी परतणाऱ्या माणसावर निबंध लिहिला. सुरुवात ओडिसिअसपासून: झोपेतच त्याला त्याच्या बेटावर उतरवतात आणि जागा झाल्यावर त्याला ते ओळखूच येत नाही. शुट्झचे म्हणणे असे, की परक्या गावी जाणारा अनोळखीपणाची तयारी ठेवून जातो. परतणारा ती ठेवत नाही, कारण घर आपल्याला ठाऊक आहे अशी त्याची खात्री असते. दरम्यान घरही पुढे सरकलेले असते. आणि त्याला जे एकमेव वाटते ते घरच्यांच्या दृष्टीने ठरीव साच्यातले असते: ‘थंडी फार होती का? जेवणाचे काय करायचास?’

दहा वर्षांनी नॉर्वेच्या स्वेर लिस्गोर यांनी अमेरिकेला जाऊन आलेल्या २०० नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांना तपासले. सहा महिन्यांच्या आत परतलेले समाधानी होते, दीड वर्षाहून अधिक राहिलेलेही. मधले मात्र उदास. १९६३मध्ये जॉन आणि जीन गुलाहॉर्न या अमेरिकी दांपत्याने तो आलेख पुढे नेला: घरी परतल्यावर उतार पुन्हा येतो, आणि तो प्रस्थापित प्राध्यापकांपेक्षा तरुण विद्यार्थ्यांना जास्त जाणवतो. प्राध्यापकाची खुर्ची त्याची वाट पाहत असते; विद्यार्थ्याला आपली जागा अजून मिळायचीच असते. पुढच्या काळात हे आलेख सर्वत्र जुळले नाहीत, आणि माणसांच्या मनःस्थितीला रेषेत बसवताना ते जुळू नयेत हेच ठीक. तरी लिस्गोरच्या आकड्यांतून एक गोष्ट मला सुचते. एका सत्राचा विद्यार्थी पाच-सहा महिन्यांत, म्हणजे परक्या गावाची नवलाई टिकून असतानाच परततो. तिथला उबग त्याच्या वाट्याला आलेलाच नसतो. मग घरच्या रोजच्या दिवसांची तुलना तो तिथल्या सगळ्यात चांगल्या दिवसांशी करत बसतो, आणि घर हरते.

मार्च २०२०मध्ये महासाथीमुळे हजारो विद्यार्थ्यांना सत्र अर्धवट टाकून चार दिवसांत निघावे लागले. त्यांचे तास पुढे घरच्या संगणकावर भरले आणि श्रेयांकही पुष्कळांना मिळाले. खोक्यावर चिठ्ठी लावायला, शेजाऱ्याला ‘येतो’ म्हणायला वेळ मिळाला नाही. त्याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही.

इरॅस्मसहून परतलेल्या पहिल्या तुकड्यांतल्या मुलांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस आपली एक संघटना उभारली. तिच्या शाखा आज युरोपभरच्या विद्यापीठांत आहेत. काम साधे: नव्याने येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला कुणीतरी जोडीदार मिळवून द्यायचा. ऑक्टोबरात सत्र सुरू होते, तेव्हा असा एखादा जोडीदार स्टेशनवर नावाची पाटी धरून उभा असतो. तो स्वतः नुकताच लिस्बनहून किंवा क्राकोवहून परतलेला असतो, आणि पाहुणा तिकडचाच निघाला तर पहिली दहा मिनिटे त्याच्याशी तिथल्याच भाषेत बोलून घेतो.