रक्ताच्या कर्करोगावरील गोळी कोणी घडविली?

लहान मुलाला रक्ताचा कर्करोग आहे असे डॉक्टरांनी सांगितले की घरातील साऱ्यांचे हातपाय गळतात. १९५० च्या सुमारास ही मुले बहुधा काही महिन्यांतच दगावत. आज मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, वेळेवर आणि पूर्ण उपचार मिळाल्यास, बहुतेक मुले बरी होतात. या उपचारात मर्कॅप्टोप्युरीन नावाची एक गोळी असते. ती घडविणाऱ्या गर्ट्रूड एलियन यांची ओळख आपण आज करून घेऊ.

एलियनबाईंचा जन्म १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. त्या पंधरा वर्षांच्या असताना त्यांचे आजोबा पोटाच्या कर्करोगाने वारले. ते दुखणे जवळून पाहिल्यावर त्यांनी रसायनशास्त्र शिकायचे ठरविले. १९३७ साली पदवी मिळाली. पण प्रयोगशाळेत बाई नको, असे उत्तर ठिकठिकाणी ऐकावे लागले. त्यांनी शाळेत शिकविले, खाद्यपदार्थांच्या कंपनीत लोणच्याचा आंबटपणाही तपासला. युद्धामुळे पुरुष माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९४४ साली बरोज वेलकम या औषध कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली त्यांना जागा मिळाली. डॉक्टरेटसाठी नोकरी सोडा, असे कॉलेजाने सांगितल्यावर त्यांनी डॉक्टरेट सोडली.

त्या काळी पुष्कळ पदार्थ करून पाहावेत आणि एखादा गुणकारी निघावा, अशीच बहुतेक रीत होती. या दोघांनी आधी विचारले : वाढणाऱ्या पेशीला काय लागते? गवंड्याला भिंतीसाठी विटा लागतात, तशी पेशीला दुप्पट होताना प्युरीन नावाची द्रव्ये लागतात. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून त्यांना ती फार लागतात. मग तिला हुबेहूब दिसणारी खोटी वीट दिली तर? एलियनबाईंनी अशाच एका द्रव्यात ऑक्सिजनच्या जागी गंधक बसविले. पेशीने ते खरे समजून घेतले आणि बांधकाम अडले. हीच मर्कॅप्टोप्युरीनची गोळी. १९५३ साली तिला अमेरिकेत मान्यता मिळाली.

पण आनंद टिकला नाही. मुले सुधारत आणि आजार पुन्हा उलटे. पुढे इतर औषधांची जोड देऊन उपचार दीर्घकाळ चालविले, तेव्हा कुठे मुले कायमची बरी होऊ लागली.

एका शोधातून दुसरा निघत गेला. याच गोळीच्या धर्तीवर ॲझाथायोप्रिन झाले. ते देऊन १९६२ साली बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी रक्ताचे नाते नसलेल्या माणसाचे मूत्रपिंड रोग्याला यशस्वीपणे बसविले. शरीर मर्कॅप्टोप्युरीन लवकर मोडून टाकते. ते थांबविण्यासाठी ॲलोप्युरिनॉल तयार केले. त्याने रक्तातील युरिक ॲसिडही उतरते असे दिसले आणि वातरक्ताच्या, म्हणजे गाऊटच्या, रोग्यांना औषध मिळाले. नागिणीवर देतात ते ॲसायक्लोव्हिरही त्यांच्याच विभागातले. १९८८ साली एलियनबाई, हिचिंग्ज आणि सर जेम्स ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९९९ साली बाई वारल्या. रोगाच्या पेशीची गरज ओळखून औषध घडवायचे, ही त्यांची रीत आता जगभर रुळली आहे.

घरात असा रोगी असल्यास तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

पहिली : मूल खेळू लागले, केस पुन्हा आले, म्हणून गोळी बंद करू नये. ती दीड-दोन वर्षे किंवा अधिकही घ्यावी लागते. मध्येच सोडल्यास दडून राहिलेला आजार उलटू शकतो.

दुसरी : खोटी वीट चांगल्या पेशींतही जाते. म्हणून सांगितलेल्या दिवशी रक्त तपासून घ्यावे. ताप आल्यास घरगुती उपाय करीत न बसता त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

तिसरी : मर्कॅप्टोप्युरीन किंवा ॲझाथायोप्रिन चालू असताना डॉक्टरांना न सांगता ॲलोप्युरिनॉल घेऊ नये. ते औषध मोडणे थांबविते; त्यामुळे नेहमीचीच मात्रा विषासारखी चढते. घरातील सर्व गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवाव्या, हे उत्तम.

एलियनबाईंनी अनेक वर्षे खपून ही गोळी हाती दिली. ती रोज, न चुकता देण्याचे काम मात्र आपल्या घरचे आहे.