पोरगा धाटावला, कागद इथेच

आपल्या एका सभासदाचा मुलगा कारखान्यात फिटरचा शिकाऊ उमेदवार होता. गाळप लवकर आटोपले, शिकवण्याजोगे काम उरले नाही. रोह्याजवळ वरसे येथे मामा राहतात; त्यांच्या ओळखीने पोरगा धाटाव औद्योगिक वसाहतीत रुजू झाला. कागद मात्र कोणीच केला नाही, आम्हीही नाही. तीन महिन्यांनी वडील आले, "साहेब, पोराची परीक्षा अडली हो!"

1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात याची सोय आहे. पहिला मालक शिकवणे पुरे करू शकत नसेल, तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीने दोन्ही मालक व उमेदवार (अज्ञान असल्यास पालक) यांनी उरलेल्या मुदतीचा करार करायचा. तो नोंदला गेला, की त्या तारखेपासून जुना करार संपतो. तोवर पोरगा कागदावर आमचाच! उसाची नोंद राहिली की तोडीचे काय होते, हे सभासदांना सांगायला नको.

उशीर झाला म्हणून मागली तारीख मात्र घालू नये. खरी तारीख, उशिराचे कारण, दोन्हीकडची हजेरी व विद्यावेतनाचा हिशेब जोडून अर्ज द्यावा. मधले तीन महिने धरायचे की नाही, ते सल्लागार ठरवतील. आम्ही आमचा हिशेब त्याच दिवशी दिला. वडील तो घेऊन रोह्याच्या गाडीत बसले.